फक्त मालकासाठी

१

सासर आणि सर्व्हर यांचा नियम एकच, असं धाकटीचं लग्नानंतरच्या पाचव्या महिन्यात पक्कं मत झालं होतं. बघायला सगळं मोकळं, हलवायला काही नाही. सासरी कपाटं उघडी असत, कुठल्याही खोलीत जायला मज्जाव नव्हता. पण एखादी बरणी डावीकडून उजवीकडे ठेवली, की तासाभरात ती निमूट डावीकडे परत गेलेली असे. कुणी चकार शब्द काढत नसे. धाकटीच्या हक्काचा होता तो खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा. तिथं तिनं काहीही उलथंपालथं केलं तरी कुणाची ना नव्हती.

कचेरीतही तेच. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारी ती संस्था. चाळीसेक माणसं एकाच मोठ्या सर्व्हरवर काम करायची. वाचायला सगळ्यांना सगळं. लिहायला फक्त आपापलं फोल्डर. सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आले होते आणि त्यांना सगळे किल्लेदार म्हणत, कारण इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला हद्दीबाहेर एक फाइल ठेवू दिली नव्हती. कुणी परवानगी मागायला गेलंच तर उत्तर ठरलेलं: "तुझ्या घरात हवा तो संसार मांड. माझ्या ओट्याला हात लावायचा नाही."

धाकटीनं तोच संसार मांडायला घेतला होता. विहिरींचं पाणी कधी आटेल याचा अंदाज सांगणारा एक मोठा प्रोग्रॅम चालवायचा होता आणि त्याला त्रेचाळीस पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले मदतीचे प्रोग्रॅम, लागत. सर्व्हरवर त्यातलं एकही नव्हतं. मग एकेक आणायचं, आपल्या फोल्डरात उलगडायचं, ते जोडून तयार करायचा, म्हणजे बिल्डचा, हुकूम द्यायचा आणि काळ्या पडद्यावरून सरकणाऱ्या ओळींकडे बघत बसायचं. एकाला दुसरं लागे, दुसऱ्याला तिसरं. लग्नाच्या यादीसारखं, मावशीला बोलवायचं तर तिच्या जावेला गाळता येत नाही.

मुदत होती पुढच्या शुक्रवारची. विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "शुक्रवारी तीन वाजता चालवून दाखव. चाललं तर तू कायम. नाही तर महिनाअखेर तुझा करार संपतो, आणि मग माझ्या हातात काही नाही."

घरी हे सांगितल्यावर सासूबाई मायेनं म्हणाल्या होत्या, "नाही जमलं तर नाही जमलं. घर काय कमी आहे का तुला?" टोमणा असता तर धाकटीला परवडला असता. ही माया परवडणारी नव्हती. त्या घरात दिवसभर, कायमचं, एका कप्प्यापुरतं राहायचं? तिनं त्याच रात्री मनाशी गाठ मारली. त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. ती संस्थेत लागली ती लग्नाच्या वर्षभर आधी, माहेरच्या नावानं. लग्नानंतर तिनं रीतसर अर्ज दिला. किल्लेदारांनी जुनं खातं पुसलं, नव्या नावाचं उघडलं, दाराचं कार्डही नवं दिलं. दारं आणि सर्व्हर एकाच यादीवर चालत. सर्व्हर माणसाला नावानं ओळखत नाही, क्रमांकानं ओळखतो. नाव म्हणजे वर लावलेली पाटी. तिचा जुना क्रमांक १०४७. नवा १०९२.

२

किल्लेदार रोज संध्याकाळी एक यादी सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवत. कुणी, किती वाजता, कुठं लिहायला पाहिलं आणि सर्व्हरनं हाकललं. तिला ते नकारनामा म्हणत. हेतू शिस्तीचा होता. उपयोग करमणुकीचा व्हायचा.

त्या बुधवारी नकारनाम्यात एक ओळ होती. १०४७. दुपारी एक पस्तीस. सामाईक फोल्डर. परवानगी नाही.

नावाच्या जागी नाव नव्हतं. पाटी काढलेल्या दारासारखा नुसता क्रमांक.

"काका, एक हजार सत्तेचाळीस माझा होता ना?"

"होता. आता कुणाचाच नाही." किल्लेदारांनी चष्मा कपाळावर चढवला. "क्रमांक मी दुसऱ्याला देत नसतो. उष्टं खातं कुणाला द्यायचं?"

"मग लिहायला कोण बघतंय?"

"तूच पूर्वी कधीतरी एखादं काम ठरल्या वेळी आपोआप चालेल असं लावून ठेवलं असशील. माहेरी विसरलेली छत्री. आहे तिथं भिजत नाही, सुकत नाही. काढून टाकतो, जा."

पटण्यासारखं होतं. धाकटीला पटलंही.

गुरुवारी ओळ पुन्हा होती. वेळ तीच. जागा मात्र सामाईक फोल्डरची नव्हती. त्याच्या आतल्या, तिच्या विभागाच्या फोल्डरची होती. शुक्रवारी त्याच्याही आत. थेट तिच्या फोल्डरच्या दारात. परवानगी नाही.

आणि शुक्रवारी एकाऐवजी दोन ओळी होत्या. पहिलीत तिच्या फोल्डरच्या नावातली दोन अक्षरं उलटसुलट पडली होती. तीन सेकंदांनी दुसरी, दुरुस्त केलेली.

धाकटीनं त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. आपोआप चालणारं काम रोज तेच करतं. ते चुकत नाही. आणि चुकलं तर मागं येऊन सुधारत नाही. ही अक्षरं घाईत उलटी पडायची ती तिच्या स्वतःच्या बोटांना खोड होती, पहिल्यापासून.

"काका, तुम्ही काढलं होतं ना ते?"

"काढायला काही सापडलंच नाही," किल्लेदार म्हणाले. ते जरा नाराज दिसले. आपल्या किल्ल्यात आपल्याला न सापडणारं काही असावं, हे त्यांना रुचलं नव्हतं. "पण तुझं काय जातंय? नकारच मिळतोय ना? कडी घट्ट आहे. बाहेर कोण का उभं राहीना."

एक पस्तीस. ही वेळ तिला कुठं भेटली होती, ते तिला जिन्यात आठवलं. लग्नाआधी ती व्हरांड्याच्या टोकाच्या छोट्या खोलीत एकटी बसायची. एकला डबा उघडायचा, सव्वाला धुवायचा, संस्थेला एक फेरी मारायची आणि एक पस्तीसला पुन्हा कामाला. आता ती सगळ्यांबरोबर कँटीनमध्ये दोनपर्यंत बसे. नव्या नवरीनं एकटं जेवलं की लोक घरी भांडण झालंय का विचारतात.

३

रविवारी आईचा फोन आला. माहेर संस्थेपासून चालत दहा मिनिटांवर होतं. सासर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

"शुक्रवारी आलीस ती दोन मिनिटं थांबायचंस की," आई म्हणाली. "मी गच्चीवर कपडे काढत होते. खाली येईपर्यंत तू गेलीस."

"मी कुठं आले होते, आई? शुक्रवारी मी कचेरीत होते."

"अगं, एकच्या सुमाराला. जिन्यातून बघितली ना मी. तुझ्या खोलीत टेबलापाशी पाठमोरी उभी होतीस. खण उघडून काहीतरी शोधत होतीस."

"छोटी असेल."

"छोटी परीक्षेला गेली होती. आणि थोरले, पोटची पोर मला पाठीवरून कळते."

माहेरी दोघी बहिणींत ती थोरली होती, दुसरी छोटी. सासरी जाऊबाई आधी आलेल्या म्हणून ती धाकटी. एका दुपारी थोरलीची धाकटी झाली होती आणि दोन्हीकडच्यांना त्यात काहीच अवघड वाटलं नव्हतं.

"बाकी एक चांगलं झालं," आई म्हणाली. "केस वाढले की गं परत. कापलेस तेव्हा बोलले नाही मी, पण जिवाला लागलं होतं. वेणी किती शोभते तुला."

धाकटीचा हात आपोआप मानेवर गेला. केस मानेपाशीच संपत होते. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात कापले होते. सासरच्या न्हाणीची जाळी तुंबायची आणि सासूबाई रोज त्यातले लांब केस काढून कागदावर नीट सरळ ठेवायच्या. बोलायच्या नाहीत. धाकटीला वाटायचं, रागावून फेकले असते तर बरं.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी आले, तर हाक मार. आणि मी वळते का, बघ."

"हे काय बोलणं झालं?"

"मार तर खरी."

पलीकडे आई हसली आणि छोटीच्या परीक्षेबद्दल बोलायला लागली. धाकटी हं हं करत राहिली. आईचा चष्मा जुना झालाय, असं तिनं स्वतःला सांगितलं. गच्चीवरून आलेल्या माणसाला आत अंधारलेलं दिसतं, असंही सांगितलं. दोन्ही कारणं चांगली होती. एक पुरेसं असतं तर दुसरं शोधावं लागलं नसतं, हेही तिच्या लक्षात आलं.

४

सोमवारी सतरावं पॅकेज अडलं.

अडण्यातही प्रकार असतात. हा सगळ्यात अपमानाचा: स्वतःच्याच फोल्डरात परवानगी नाही. बिल्ड चालवायचं काम सर्व्हरवर कामगार नावाचं एक सामाईक खातं करायचं आणि त्या कामगाराला तिच्या फोल्डरातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात पाय ठेवता येत नव्हता. नेमकी कुठली परवानगी हवी ते शोधून तेवढीच द्यायची, हा झाला शहाणपणाचा मार्ग. त्याला अर्धा दिवस लागला असता. दुसरा मार्ग एका ओळीचा होता. सगळं सगळ्यांना उघडं. कोणीही या, वाचा, लिहा. या धंद्यातला प्रत्येक जण कधी ना कधी तो हुकूम देतो आणि कुणी कबूल करत नाही.

चार दिवस, सत्तावीस पॅकेजं. धाकटीनं व्हरांड्याकडे एक नजर टाकली आणि ती ओळ लिहिली. संध्याकाळी बंद करू, असं म्हणाली.

टाइप करताना तिच्या बोटातली लग्नाची अंगठी कीबोर्डाच्या कडेला लागायची. टिक. बोटं भराभर चालत आणि मध्येच टिक. पहिले काही दिवस शेजारचे वैतागले होते. आता कुणाला ऐकू येत नव्हती. तिला यायची.

सतरावं झालं. लगोलग अठरावं. पाच वाजता बाईंनी बोलावलं, कुठवर आलं विचारलं, आणि तिथून ती थेट घरी निघाली. जाण्याआधी तिनं नकारनामा तेवढा बघितला.

१०४७ची ओळ नव्हती. चार दिवसांत पहिल्यांदाच. धाकटीच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं; जिना उतरताना ती चक्क गुणगुणत होती. रस्त्यावर आल्यावर तिला आठवलं, फोल्डर बंद करायचं राहिलं.

आणि चार पावलांनी दुसरी गोष्ट कळली. यादी नकारांची होती. आज नकार दिला गेला नाही, एवढंच तिच्यात लिहिलेलं होतं.

५

मंगळवारी सकाळी फोल्डरात एकोणीस ते सव्वीस अशी आठ पॅकेजं बिल्ड होऊन पडली होती.

तिनं एकेक तपासलं. चूक नव्हती. फक्त प्रत्येकाच्या शेजारी एक रिकामी फाइल होती, आत काही नसलेली, नाव तेवढं दिलेली: झालं. आठ पॅकेजं, आठ वेळा झालं.

ही तिची सवय होती. छोट्या खोलीत एकटी काम करायची तेव्हा प्रत्येक काम संपलं की अशी एक रिकामी फाइल ठेवायची. कुणाला दाखवायला नाही. आपलं आपल्याला बरं वाटायला. मोठ्या हॉलमध्ये बसायला लागल्यापासून सोडून दिली होती. तिथं कुणी मागून बघितलं असतं तर हसलं असतं.

आठही पॅकेजांच्या मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं: १०४७. तिनं एक पुसून बघितलं. सर्व्हर म्हणाला, परवानगी नाही.

त्या दुपारी ती कँटीनला गेली नाही. हॉल रिकामा झाला. पंखे, पाण्याच्या यंत्राची घरघर, बाहेर कुणीतरी गाडी मागं घेताना वाजणारी पिपाणी. ती घड्याळाकडे न बघता बसून राहिली, आणि व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज यायला लागल्यावर घड्याळात बघायची गरजही उरली नाही.

कीबोर्ड. भराभर, मध्ये एक अडखळ, मागे जाऊन दुरुस्ती, पुन्हा भराभर. स्वतःचा आवाज टेपवर ऐकला की माणूस आधी ओळखत नाही आणि मग शरमतो. तसं तिचं झालं. लय तिचीच होती. फक्त टिक नव्हती.

ती उठली आणि चालत गेली. पळावंसं वाटलं नाही, कारण पळायचं कुठल्या बाजूला हेच ठरत नव्हतं. छोट्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्याला कार्ड लागत नसे. तिनं ते ढकललं तेव्हा आवाज थांबला होता. आत मोडक्या खुर्च्या, एकावर एक रचलेले संगणकांचे जुने पडदे, टेबलावर एक यंत्र, त्यापुढे कीबोर्ड. यंत्राची वायर भिंतीपर्यंत पोचतच नव्हती. टेबलावर बोटभर धूळ होती. खुर्चीवर धूळ. कीबोर्डाच्या कडेवरही धूळ.

कळा तेवढ्या स्वच्छ होत्या.

६

बंद करावं, तर कामगार अडतो आणि आपलंही काम थांबतं. उघडं ठेवावं, तर ती येते. धाकटीनं मन घट्ट करून उघडं ठेवलं आणि वेग वाढवला. मंगळवारी तिनं तीन उरकली. बुधवारी सकाळी आणखी बारा पडली होती. बुधवारी तिचं एक. गुरुवारी सकाळी त्रेचाळिसावंही झालं होतं, आणि त्याच्या शेजारी प्रोग्रॅम चालवून बघितल्याचा निकाल. विहिरींचे आकडे जिथल्या तिथं, दशांशासकट बरोबर.

तिनं हिशोब घातला. बावीस तिची. एकवीस दुसरीची.

बाई येऊन मागे उभ्या राहिल्या. त्यांनी निकाल वाचला, पुन्हा वाचला, आणि धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. बाई कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नसत.

"खरं सांगू? लग्नानंतर तुझा हात मंदावला असं मी बोलणार होते. आता नाही बोलत. परत आलीस म्हणायची."

"बाई, यातली एकवीस मी केलेली नाहीत."

"मग कुणी केली?"

धाकटीनं मालकाचा रकाना पडद्याबाहेर सरकवला. "मला उद्या तीनपर्यंत वेळ द्या. मी ती काढून नव्यानं करते."

"चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस?"

"माझ्या हातची नाहीत ती."

"काय बाई एकेक," बाई हसल्या. "सगळा विभाग दुसऱ्याचं आपलं म्हणून दाखवतो आणि हिला आपलं दुसऱ्याचं वाटतंय. तीन वाजता चालू दिसलं पाहिजे, एवढं बघ. कायम केल्याचं पत्र मी तयार ठेवते."

घरी सासूबाईंनी विचारलं, "होतंय ना गं?" धाकटी म्हणाली, "होतंय. पण मी करेन तेव्हा झालं म्हणेन." सासूबाईंनी तिच्याकडे जरा नवलानं बघितलं. मग फडताळातली एक बरणी उचलून त्यांनी तिच्या हातात दिली. "ही कुठं ठेवायची ते तू ठरव," म्हणाल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा. धाकटीनं ती खालच्या फळीवर, उजवीकडे ठेवली. सकाळी निघताना बघितलं, बरणी उजवीकडेच होती.

७

शुक्रवारी ती सातला कचेरीत आली. एकवीस पॅकेजं शेजारी नव्यानं बिल्ड करायची, मग जुनी किल्लेदारांकडून काढून घ्यायची, असा तिनं बेत आखला होता. कुठं काय लागतं ते आता ठाऊक होतं; पाऊणपर्यंत तिची एकोणीस झाली. पाठ मोडली होती, डोळे चुरचुरत होते, आणि अंगठी टिकटिकत होती. दोन राहिली. तास दोन. जमत होतं.

एकला पाच कमी असताना तिनं फोल्डरातली यादी पुन्हा मागवली आणि तिच्या नव्या एकोणीसच्या शेजारी एकोणीस रिकाम्या फाइली दिसल्या. झालं, झालं, झालं. तिनं त्या ठेवल्या नव्हत्या.

ती तडक किल्लेदारांच्या केबिनमध्ये गेली. केबिन हॉलमध्येच होती. ते डब्याची पिशवी उचलत होते.

"काका, माझं फोल्डर बंद करून द्या. आत्ता. मला आतल्या काही गोष्टींना हात लावता येत नाही, तुम्हाला येतो."

"बंद? म्हणजे उघडं होतं?" त्यांनी पिशवी खाली ठेवली. "सगळ्यांना? माझ्या सर्व्हरवर?"

"सोमवारपासून. चुकलं माझं. रागवा नंतर."

"रागावतो नंतर," किल्लेदार म्हणाले आणि बसले. "एकच हुकूम देतो, वरपासून तळापर्यंत. मालक सोडून सगळ्यांना बंद. मग जेवून आलो की दुसऱ्याचं जे काही आत असेल ते उचलून फेकून देतो. चालेल?"

"चालेल."

त्यांची बोटं कळांवर थांबली. "त्याआधी मालक कोण कोण आहेत ते बघून घेऊ का? पाच मिनिटं लागतील."

पाच मिनिटं. तिच्यापाशी दोन पॅकेजं आणि दोन तास होते. आतल्या पॅकेजांचे मालक तिनं रोज तपासले होते. सगळ्यात वरच्या फोल्डरचा मालक तिनं सोमवारनंतर बघितला नव्हता. आपल्या घराच्या दारावरची पाटी कोण वाचतं?

"बघायचंय काय त्यात? फोल्डर माझंच आहे."

"मग झालं," म्हणून किल्लेदारांनी हुकूम दिला.

धाकटीची पाण्याची बाटली रिकामी झाली होती. ती उचलून ती व्हरांड्यात गेली, पाण्याच्या यंत्रापाशी. बाटली भरली, तोंडावर पाण्याचा हात फिरवला. तोवर बाकीचे जेवायला गेलेले. परत येऊन तिनं हॉलच्या काचेच्या दाराला कार्ड लावलं.

लाल दिवा. छोट्या पट्टीवर अक्षरं: परवानगी नाही.

तिनं कार्ड पदराला पुसावं तसं ओढणीला पुसलं आणि पुन्हा लावलं. लाल.

मालक सोडून सगळ्यांना बंद, आणि दारंही त्याच यादीवर; सोमवारनंतर मालक कोण, ते तिला आता कळलं. मग तिनं काचेतून बघितलं. तिच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. इथून दिसत होती पाठ, आणि पाठीवर खुर्चीच्या बैठकीपर्यंत आलेली वेणी. बोटं भराभर चालली होती. किल्लेदार केबिनच्या दारात उभे होते आणि काहीतरी बोलून हसत होते. रागावून झालं असावं. बाई आपल्या खोलीतून एक कागद घेऊन आल्या. घड्याळ न बघताच त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि त्या खांद्यावर हात ठेवला.

धाकटीनं काचेवर अंगठी वाजवली. टिक, टिक. बाईंनी मान वर केली नाही, किल्लेदारांनी केली नाही. खुर्चीवरची बोटं तेवढी थांबली. डावा हात कळांवर अधांतरी राहिला, बिनअंगठीचा. धाकटी वाट बघत राहिली. आईला तिनं सांगितलं होतं, हाक मार, वळते का बघ.

वळली नाही. ऐकू मात्र आलं होतं. मग बोटं पुन्हा चालायला लागली.

आपल्याला राग कसा आला नाही, याचं धाकटीला नवल वाटलं. रडूही नाही. डोकं सकाळसारखंच स्वच्छ चाललं होतं. ती व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि छोट्या खोलीचं दार ढकललं. खुर्चीवरची धूळ तिनं ओढणीनं झटकली. वायर भिंतीपर्यंत पोचत नव्हती, पण पडद्यावर एक छोटी चौकट उघडमीट करत होती. हे कसं, ते तिनं विचारलं नाही. विचारायला वेळ पुढे भरपूर होता.

काम असं संपत नसतं. त्रेचाळीस झाली की चव्वेचाळिसावं येतं. आज ना उद्या एखादं पॅकेज अडेल, कुठला तरी शुक्रवार तोंडावर आलेला असेल, शहाणपणाचा मार्ग अर्ध्या दिवसाचा असेल. आणि त्या खुर्चीवरची थोरली व्हरांड्याकडे एक नजर टाकून ती ओळ लिहील. लिहीलच. तिच्यासारखं तिला कुणी ओळखत नव्हतं.

एक पस्तीस झाले. धाकटीनं खुर्ची पुढे ओढली आणि सामाईक फोल्डरपासून सुरुवात केली.

टिक.

परवानगी नाही.

बरं, ती म्हणाली. उद्या एक पायरी आत.